लाँग बारचे सिंगापूर स्लिंग : आठ महिन्यांचा अनुभव

गेल्या आठ महिन्यांत मी सिंगापूरच्या रॅफल्स हॉटेलच्या लाँग बारमध्ये सात वेळा गेले आणि तिथले सिंगापूर स्लिंग, म्हणजे जिन आणि अननसाच्या रसाचे कॉकटेल, घरी वीसेक वेळा तरी करून पाहिले. नोकरीनिमित्त सिंगापुरात राहणाऱ्या मराठी घरात पाहुण्यांची ये-जा सतत असते, आणि आलेल्या बहुतेकांना हे पेय एकदा तरी चाखायचे असते, त्यामुळे माझ्या फेऱ्या आपोआपच वाढल्या. पहिल्या भेटीनंतर माझे मत होते की हे पेय गोड, गुलाबी आणि फार महाग आहे. त्यातले महाग हे विशेषण आजही खरे आहे, कारण एका पेल्याच्या पैशांत हॉकर सेंटरमध्ये, म्हणजे इथल्या स्वस्त खाण्याच्या गाळ्यांच्या बाजारात, चौघांचे जेवण होते. गोडपणाबद्दलचे मत मात्र मी पूर्णपणे बदलले आहे, आणि ते कशामुळे बदलले हे नीट सांगावेसे वाटते.

सार्कीज या आर्मेनियन बंधूंनी १८८७ साली बीच रोडवरच्या एका बंगल्यात अवघ्या दहा खोल्यांनिशी हे हॉटेल सुरू केले. त्या काळी समुद्र अगदी समोर होता. पुढे भराव पडत गेला आणि किनारा दूर गेला. याच हॉटेलात १९१५ साली न्गियाम तोंग बून या चीनच्या हायनान बेटाकडच्या बारटेंडरने स्लिंग तयार केले, असे हॉटेल सांगते. स्त्रियांनी चारचौघांत मद्य घेणे तेव्हा शिष्टसंमत नव्हते, म्हणून त्याने फळांच्या रसासारखे दिसणारे गुलाबी पेय बनवले, अशी त्यामागची कथा आहे.

या पेयाची शताब्दी २०१५ साली साजरी झाली, तेव्हा लंडनच्या सिपस्मिथ या कंपनीने हॉटेलसाठी ‘रॅफल्स १९१५’ नावाची खास जिन तयार केली. तिच्यात जाईची फुले, पपनसाची साल, गवती चहा, मकरूट लिंबाची पाने, जायफळ आणि वेलदोडा आहे. एका सहकाऱ्याकडे तिची बाटली होती. झाकण उघडल्यावर पहिला वास आला तो जायफळ-वेलदोड्याचा, आणि मला थेट पाडव्याच्या श्रीखंडाची आठवण झाली. वर्धापनाच्या निमित्ताने काढलेल्या वस्तूंत पुष्कळदा बाटलीवरच्या चिठ्ठीपलीकडे नवे काही नसते. इथे मात्र मलाया आणि आसपासच्या बेटांचा मसाल्याचा व्यापार त्या जिनमध्ये उतरवण्याचा विचार स्पष्ट जाणवतो. नुसत्या जिनच्या घोटात तो कळतो, स्लिंगमध्ये अननस त्याला बराचसा झाकून टाकतो, हेही प्रामाणिकपणे सांगायला हवे.

बारची मांडणी विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकातल्या मलायातील मळेवाल्यांच्या जीवनावर बेतलेली आहे. छताला ताडपत्रांचे पंखे ओळीने टांगलेले आहेत आणि ते पूर्वीच्या हाताने ओढायच्या पंख्यांसारखे संथपणे मागे-पुढे हलतात. टेबलावर भाजलेल्या भुईमुगाच्या शेंगांनी भरलेली गोणपाटाची पिशवी असते, आणि शेंगा खाऊन टरफले खाली जमिनीवर टाकायची, ही इथली जुनी रीत आहे. ज्या शहरात कागदाचा कपटा रस्त्यावर टाकला तरी दंड होतो, त्या शहरात पायाखाली टरफलांचा करकर आवाज ऐकणे विलक्षण वाटते. माझे सासरे सोलापूरहून आले होते, ते प्रत्येक टरफल आपल्या रुमालात जमा करत होते. ‘बाबा, इथे खालीच टाकायची असतात,’ असे मी दोनदा सांगितले, तेव्हा ते म्हणाले, ‘अगं, टिळकांची गोष्ट शाळेत शिकलेला माणूस मी, माझ्याच्याने टरफले टाकून उठवणार नाही.’ उठताना रुमालाची पुरचुंडी त्यांनी अत्यंत अदबीने वेटरच्या हातात दिली आणि त्यानेही ती तितक्याच अदबीने घेतली.

घरच्या प्रयोगांबद्दल थोडे विस्ताराने लिहिते, कारण या पेयाची खरी ओळख मला तिथेच झाली. बार्टेंडरांमध्ये सर्वत्र प्रचलित असलेले प्रमाण असे : जिन ३० मिली, चेरीचे लिकर (गोड मद्य) १५ मिली, क्वांत्रो (संत्र्याच्या सालीचे लिकर) आणि बेनेडिक्टिन (वनौषधींचे लिकर) प्रत्येकी साडेसात मिली, ग्रेनेडिन हा लाल पाक १० मिली, लिंबाचा रस १५ मिली, अननसाचा रस १२० मिली आणि अँगोस्तुरा बिटर्स या कडवट अर्काचा एक शिडकावा. हे आकडे पाहिले की लक्षात येते की निम्म्याहून अधिक पेला अननसाचा आहे, आणि म्हणून सगळी परीक्षा अननसाचीच आहे. पहिले चार प्रयत्न मी डब्यातल्या रसावर वाया घालवले. चव चिकट गोड झाली आणि वर फेस जेमतेम धरला. पिकलेला अननस घरी मिक्सरमधून काढून मलमलच्या फडक्याने गाळला आणि बर्फासह शेकर पंधरा-वीस सेकंद जोरात हलवला, तेव्हा प्रथमच पेल्यावर बोटभर जाड, पांढुरका-गुलाबी फेस उभा राहिला. लाँग बारमध्ये हाताने चाक फिरवून अनेक शेकर एकदम हलवणारे यंत्र आहे, ते मी आधी केवळ शोभेचे समजत होते. हा फेस पाहिल्यावर त्या जोरदार हलवण्याचे कारण मला कळले.

ग्रेनेडिन म्हणजे मुळात डाळिंबाचे सरबत. बाजारातल्या लाल पाकात डाळिंब शोधूनही सापडत नाही, म्हणून डाळिंबाचा रस आणि साखर समप्रमाणात घेऊन मी ते मंद आचेवर घरीच करू लागले, आणि त्याच्या तुरटपणामुळे गोडवा ताब्यात आला. एका ऑनलाइन दुकानाने चेरीच्या लिकरऐवजी साधा चेरीचा पाक पाठवला आणि महिनाभर पत्रव्यवहार करूनही पैसे परत केले नाहीत, तेव्हा बाटलीवरचे अल्कोहोलचे प्रमाण वाचल्याखेरीज ती घेऊ नये. बेनेडिक्टिन मात्र वगळू नये. एवढ्याशा प्रमाणातही त्याच्या वनौषधींमुळे घोट संपल्यावर जिभेवर काहीतरी मागे उरते, आणि तेच नसेल तर हा निव्वळ फळांचा रस होतो.

मूळ कृती कोणती, यावर जाणकारांत वाद आहे. लंडनच्या सॅव्हॉय हॉटेलने १९३० साली प्रसिद्ध केलेल्या कॉकटेलच्या पुस्तकात सिंगापूर स्लिंग आहे, पण त्यात जिन, चेरी ब्रँडी, लिंबू आणि सोडा एवढेच आहे, अननसाचा उल्लेखही नाही. तीही कृती मी केली. ती अधिक कोरडी आणि धारदार लागते, आणि इथल्या दमट उकाड्यात दुपारी मला तीच जास्त आवडते. तरीही पाहुण्यांसाठी मी अननसाचेच करते, कारण तो फेस पाहून माणसांचे चेहरे खुलतात.

जाणाऱ्यांनी शक्यतो आठवड्याच्या मधल्या वारी, बार उघडल्या उघडल्या जावे. त्या वेळी गर्दी कमी असते, पंख्यांची हालचाल निवांत पाहता येते आणि बारपाशी जागा मिळाली तर पेय बनताना जवळून दिसते.

गेल्या महिन्यात माझी आई आली होती. ती मद्य घेत नाही, म्हणून तिच्यासाठी बिनमद्याचे आणि माझ्यासाठी नेहमीचे स्लिंग मागवले. दोन्ही पेले शेजारी शेजारी आले : तोच गुलाबी रंग, तोच फेस, तीच अननसाची फोड आणि चेरी. आईने दोन्हींकडे आळीपाळीने पाहिले आणि विचारले, ‘यातले माझे कोणते गं?’ मला वेटरला हाक मारून विचारावे लागले.