सेल शंभराच्या आतला, बिल हजारांचं: गाडीच्या रिमोट चावीतली फसवणूक

रिमोटचं बटण चार वेळा दाबावं तेव्हा एकदा गाडी उघडते, किंवा पार्किंगच्या दुसऱ्या टोकावरून चालणारा रिमोट दाराला टेकवल्याशिवाय चालेनासा होतो. ही तक्रार घेऊन ग्राहक चावीवाल्याकडे किंवा गॅरेजात गेला की पुढचा क्रम बहुतेक ठरलेला असतो. चावी आत नेली जाते. थोड्या वेळाने मल्टीमीटर समोर धरून सांगितलं जातं, "बघा साहेब, सेल तीन व्होल्ट दाखवतोय, म्हणजे रिमोटच्या आतला सर्किट बोर्ड गेलाय." काटा खोटं सांगत नसतो, माणूस सांगत असतो.

लिथियमचा बटण सेल संपत आला तरी बाहेर काढून मोकळा मोजला तर तीनच्या आसपासच दाखवतो. जुना होताना त्याचा अंतर्गत रोध वाढतो आणि बटण दाबून रिमोटने करंट ओढला की व्होल्टेज कोसळतं. म्हणून सेल बोर्डावर बसलेला असतानाच, बटण दाबून मोजायचा. दाबल्यावर आकडा २.५ च्या खाली घसरला तर सेल बदला, बोर्डाची चर्चा नंतर. नवा सेल मोकळा असताना ३.२ च्या आसपास दाखवतो. मल्टीमीटर नसेल तर सरळ नवा सेल घालून बघावा, तो शंभर रुपयांच्या आत येतो.

सेल बदलतानाही घोळ होतो. सीआर २०३२ म्हणजे व्यास २० मिलिमीटर, जाडी ३.२. सीआर २०२५ ची जाडी २.५ आहे. तो २०३२ च्या जागी बसतो, पण सैल राहतो. चावी हलली की संपर्क तुटतो आणि रिमोट "मधूनच" चालतो. दुकानात २०३२ संपला की २०२५ टेकवणारे कमी नाहीत. लहान मुलांनी गिळू नये म्हणून कडू लेप दिलेले सेलही मिळतात, आणि तो लेप काही रिमोटमध्ये संपर्काच्या आड येतो. नवा सेल घालूनही रिमोट मुका राहिला तर आधी बिनलेपाचा सेल घालून पाहावा. सेल कडेने धरा. दोन्ही बाजू धातूच्या चिमट्यात पकडल्या तर तो शॉर्ट होतो.

मोठी लूट मात्र वेगळ्याच ठिकाणी होते. साध्या किंवा फोल्डिंग चावीत दोन वेगळ्या गोष्टी असतात. बटणं आणि सेल फक्त दारं उघडबंद करतात. इंजिन चालू होऊ देणारी, चोरी रोखणाऱ्या इमोबिलायझर यंत्रणेची चिप वेगळं काम करते. तिला सेल लागत नाही. इग्निशनभोवतीच्या कॉइलमधून तिला ऊर्जा मिळते. त्यामुळे सेल पार मेला तरी चावी फिरवल्यावर गाडी चालू व्हायलाच हवी. ती होत असेल तर चिप, इमोबिलायझर आणि ईसीएम, म्हणजे इंजिन चालवणारा गाडीतला संगणक, तिन्ही ठीक आहेत, आणि रिमोटच्या तक्रारीवर ईसीएमचं नाव काढणाऱ्याला चावी परत मागावी. पुश बटणवाल्या गाड्यांतही सेल संपल्यावर स्मार्ट चावी स्टार्ट बटणाला किंवा मॅन्युअलमध्ये दाखवलेल्या जागी टेकवून गाडी चालू करायची सोय असते, आणि दारासाठी त्याच स्मार्ट चावीच्या पोटात धातूची चावी असते.

बऱ्याच चाव्यांत ही चिप बोर्डावर नसते. काळ्या रंगाचा एक छोटा तुकडा प्लास्टिकच्या कव्हरमध्ये वेगळा बसवलेला असतो. बटणं झिजली म्हणून नवं कव्हर किंवा साध्या चावीचं फोल्डिंग करून घेतलं जातं, बोर्ड नव्या कव्हरमध्ये जातो आणि चिप जुन्यात राहते. दारं झकास उघडतात, गाडी मात्र चालू होत नाही. कधी हा निष्काळजीपणा असतो, कधी नसतो. पुढे "ईसीएमने चावी ओळखणं सोडलं" हे ऐकवलं जातं ते दोन्ही वेळा सारखंच. काम समोर बसून करून घ्या आणि जुनं कव्हर परत घ्या. ते द्यायला कुणी खळखळ करत असेल तर त्यात काय राहिलंय ते तिथेच उघडून बघा.

चावी कुणाच्या हातात देण्याआधी दुसरी चावी चालवून पाहा. एकच रिमोट बिघडला असेल तर दोष त्या रिमोटमध्ये. दोन्ही एकदम बिघडले तर दोष गाडीच्या बाजूचा: उतरलेली बारा व्होल्टची बॅटरी, फ्यूज, रिसीव्हर. अशा वेळी नवा रिमोट विकणारा तुम्हाला तिसरा न चालणारा रिमोट विकतोय. एकाच जागी त्रास होत असेल तर आजूबाजूच्या वायरलेस उपकरणांचा अडथळा असतो, आणि गाडी पन्नास पावलं पुढे नेल्यावर तो जातो. गाडीत नवा डॅशकॅम किंवा स्वस्त चार्जर लावल्यापासून त्रास सुरू झाला असेल तर तो काढून बघा.

मुलांनी खेळताना गाडीपासून दूर बटण खूप वेळा दाबलं तर रिमोटचा, दर दाबण्यागणिक बदलणारा कोड गाडीच्या हिशेबापुढे निघून जातो. अनेक गाड्यांत इग्निशन चालू करून बटण दाबलं की जुळणी परत होते. नेमकी पद्धत मॅन्युअलमध्ये असते. ह्याच कामाला "री-प्रोग्रामिंग" म्हणून पैसे लावले जातात.

बोर्ड खरंच बिघडतो, नाही असं नाही. चावी पडून सिग्नलची फ्रिक्वेन्सी ठरवणारा क्रिस्टल तडकतो, पावसात भिजून संपर्कांवर हिरवट थर येतो, बटणाखालच्या स्विचचं सोल्डर सुटतं. थर आयसोप्रोपिल अल्कोहोलने निघतो आणि स्विच नवा लावणं हे मोबाइल दुरुस्तीवाल्याचं किरकोळ काम आहे. रिमोटमधला दिवा लागतो म्हणजे सिग्नल जातोय असं नाही; चांगल्या चावीवाल्याकडे फ्रिक्वेन्सी तपासायचं छोटं यंत्र असतं, त्यावर दाखवायला सांगा. बोर्ड बदललाच तर जुना परत मागा, कारण चालू स्थितीतला मूळ बोर्ड काढून घेऊन त्या जागी हलका माल बसवणं हाही धंदा आहे. काम सुरू होण्याआधी उघड्या बोर्डाचा फोटो काढून ठेवला की तो बदलला का हे लगेच कळतं.

नवी चावी प्रोग्रॅम करून घेतली तर पैशांपेक्षा महत्त्वाची गोष्ट म्हणजे गाडीत किती चाव्या नोंदल्या गेल्या. गाडीला जोडायच्या स्कॅनरवर बहुतेक गाड्यांत हा आकडा दिसतो. तुमच्याकडे दोन चाव्या आणि स्क्रीनवर तीन दिसत असतील तर सगळ्या पुसून तुमच्या दोनच पुन्हा नोंदवून घ्या. स्वस्तात काम उरकायला कुणी इमोबिलायझर बायपास सुचवला, म्हणजे एक चिप गाडीतच कायमची दडवून ठेवायची, तर नको म्हणा; मग कुलपाला जुळेल अशी कापलेली कुठलीही चावी, तिच्यात चिप नसली तरी, गाडी चालू करते. गाडी चोरीला गेल्यावर विमा कंपनी दोन्ही मूळ चाव्या मागते, तेव्हा बिघडलेली मूळ चावीही दुकानात सोडून येऊ नका.

बिलावर "रिमोट दुरुस्ती" एवढंच लिहून चालत नाही: कोणता भाग बदलला, किती चाव्या नोंदल्या, वॉरंटी किती, हे लिहून घ्या. फसवणूक झालीच असेल तर त्या बिलासह राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर, १९१५ ला, तक्रार नोंदवता येते.