बिलावरची नवी पिन : शिडाच्या नावेच्या दुरुस्तीत झालेली फसवणूक

अमेरिकेत, विशेषतः मेरीलंडच्या किनाऱ्याजवळ राहणाऱ्या आणि ट्रेलरवरून नेता येणारी जुनी शिडाची नाव घेऊन तिची डागडुजी करू पाहणाऱ्या मराठी मंडळींसाठी मी हा अनुभव लिहीत आहे. माझे ३,४०० डॉलर गेले, पण त्याहून अधिक मनाला लागलेली गोष्ट वेगळी आहे. डोलकाठीच्या तारा आणि कील (नावेला तोल देणारा, बुडाखालचा जड पाता) या दोन्हींवर भरवसा ठेवता येणार नाही अशा नावेतून मी दोन महिने पत्नीला आणि दहा वर्षांच्या मुलाला पाण्यावर नेत होतो आणि नाव नुकतीच दुरुस्त झाली आहे, असे समजून निर्धास्त होतो.

माझी नाव १९८४ सालची कॅटलिना २२ आहे. फ्रँक बटलर यांनी आखलेल्या या नावेच्या पंधरा हजारांहून अधिक प्रती तयार झाल्या असल्याने जुन्या नावा सहज मिळतात आणि सुटे भागही अजून मिळतात. लांबी साडेएकवीस फूट, चार माणसांना रात्र काढता येईल एवढी आतली जागा, आणि पोटाखाली सुमारे ५५० पौंड वजनाची, ओतीव लोखंडाची, वर-खाली होणारी कील. ही कील पुढच्या टोकाला एका जाड पिनेवर टांगलेली असते आणि मागच्या टोकाला बांधलेल्या पोलादी केबलने, जिन्याखालच्या विंचने (केबल गुंडाळणाऱ्या हातरहाटाने), वर ओढली जाते. कील वर असताना नाव दोन फूट पाण्यात तरंगते आणि खाली सोडल्यावर तिला पाच फूट पाणी लागते. चेसापीक उपसागराची सरासरी खोली जेमतेम २१ फूट आहे आणि त्याच्या खाड्यांमध्ये तर ठिकठिकाणी गाळ आहे, म्हणून येथे ही रचना फार सोयीची पडते. मात्र सगळा भार त्या एका पिनेवर आणि एका केबलवर असतो. पिन झिजली की कील आपल्या खोबणीत डावी-उजवीकडे आपटू लागते. केबल तुटली तर ते सगळे वजन वेगाने खाली येते आणि खोबणीला तडा जाऊन नावेत पाणी शिरू शकते.

नाव घेतल्यानंतरच्या दुसऱ्या हंगामात, रात्री नांगर टाकून झोपलो असताना कीलचे ठोके ऐकू येऊ लागले. म्हणून ऑक्टोबरमध्ये नाव पाण्याबाहेर काढल्यावर मी एका कारागिराला गाठले. त्याचे नाव येथे देत नाही. त्याने लेखी अंदाजपत्रक दिले. त्यात कील उतरवून वाळूच्या माऱ्याने गंज काढणे, इपॉक्सीचे थर देणे, एक इंच व्यासाची नवी पिन, ती धरणारे नवे हँगर, दोन्ही बाजूंच्या चकत्या, नवी केबल आणि डोलकाठीला तोलून धरणाऱ्या सर्व तारा नव्या करणे, असे सगळे मिळून ३,५०० डॉलर होते. निम्मी रक्कम मी आगाऊ चेकने दिली. काम झाल्यावर उरलेली रक्कम रोख दिल्यास १०० डॉलर कमी करतो, असे तो म्हणाला आणि मी १,६५० डॉलर रोख मोजले. त्याची पावती मी मागितली नाही.

एप्रिलमध्ये नाव परत मिळाली तेव्हा ती ट्रेलरवर चढवलेली होती आणि बुडावर ताजा निळा रंग होता. फसवणुकीचे खरे मर्म या एका गोष्टीत आहे. नाव ट्रेलरवर असते तेव्हा कील वर ओढलेली आणि ट्रेलरच्या लाकडावर टेकलेली असते, त्यामुळे पिन आणि हँगर डोळ्यांनी नीट पाहताच येत नाहीत. ते पाहायचे तर नाव पट्ट्यांनी उचलावी लागते किंवा उंच टेकूंवर ठेवून कील खाली सोडावी लागते. कारागिराला हे माझ्यापेक्षा चांगले ठाऊक होते. तारांच्या बाबतीतही तसेच झाले. त्याने टर्नबकल (तार ताणण्याचे आट्यांचे जोड) आणि टोकांच्या पांढऱ्या पट्ट्या नव्या घातल्या होत्या, आणि चकचकीत टर्नबकलकडे पाहून वरची तारही नवी असेल असे मी मानले.

ठोके मे महिन्यात पुन्हा सुरू झाले. जून संपताना पाण्याच्या पातळीजवळचा रंग फुगून सुटू लागला. तेव्हा मी ॲनापोलिसजवळच्या, नावा दुरुस्त करणाऱ्या दुसऱ्या यार्डात पैसे भरून नाव पट्ट्यांवर उचलून घेतली. कीलवरचा रंग हाताने निघाला, त्याखाली जाड पुट्टी भरलेली होती आणि पुट्टीखाली पापुद्रे सुटलेला जुना गंज तसाच होता. हँगरच्या बोल्टच्या आट्यांमध्ये आधीच्या मालकाच्या काळातला लाल रंग अडकलेला होता, म्हणजे त्यांना कोणी पानाही लावला नव्हता. पिन काढून व्हर्नियरने मोजली तेव्हा ती मधोमध दोन मिलिमीटरहून अधिक झिजलेली निघाली. भिंगाखाली पाहता, तारांच्या खालच्या दाबून बसवलेल्या टोकांपैकी एकावर गंजाची बारीक उभी चीर दिसली. डोलकाठीची तार बहुधा याच टोकांशी आधी दगावते, कारण खारे पाणी तेथे उतरून साचते.

माझे वडील कोल्हापूरला फाउंड्रीत होते. स्कूटर दुरुस्तीला दिली की बदललेला प्रत्येक भाग ते मेस्त्रीकडून मागून घेत, कागदात गुंडाळून घरी आणत आणि बिलाशी ताडून पाहत. मी तो एक प्रश्न विचारला असता, ‘जुनी पिन कुठे आहे?’ एवढेच, तर हा प्रकार एप्रिलमध्येच उघड झाला असता. आता दुसऱ्या कारागिराशी मी तसेच ठरवले आहे. कील खाली उतरलेली असताना मी स्वतः जाऊन छायाचित्रे काढतो, जुने भाग चिठ्ठी लावून खोक्यात ठेवले जातात, नव्या भागांची दुकानाची तारखेसह पावती मी पाहतो आणि एकेका टप्प्याचे पैसे तो टप्पा पाहिल्यानंतर देतो. त्याला यात वावगे काही वाटले नाही. ज्याला वाटेल, त्याच्याकडे कीलचे काम देऊ नये असे माझे स्पष्ट मत आहे.

पहिल्या कारागिराने आधी फोन घेतले, मग बंद केले. मेरीलंडच्या ॲटर्नी जनरलच्या ग्राहक संरक्षण विभागात मी तक्रार केली, पण तेथे मध्यस्थीसाठी समोरच्याने उत्तर देणे आवश्यक असते आणि त्याने दिले नाही. त्यानंतर डिस्ट्रिक्ट कोर्टात लहान दावा लावला. तेथे ५,००० डॉलरपर्यंतचे दावे वकिलाशिवाय चालवता येतात. अंदाजपत्रक, चेकची प्रत, यार्डाचा लेखी अहवाल आणि झिजलेली पिन मी न्यायाधीशांपुढे ठेवली. चेकचे १,७५० डॉलर मंजूर झाले. रोख दिलेल्या रकमेचा एकही कागद माझ्याजवळ नसल्याने ती मिळाली नाही. निकाल हाती असला तरी वसुली आपल्यालाच करावी लागते. आजवर दोन हप्त्यांत ६०० डॉलर आले आहेत. नवी पिन, हँगर आणि केबल बसून झाली आहेत, तारांचे काम या हिवाळ्यात होईल आणि तोपर्यंत नाव पाण्यात उतरवणार नाही.