कोमो की ओर्ता?

इटलीत मिलानहून एकच दिवस हाताशी असला की या दोन तळ्यांपैकी कुठलं गाठायचं, हा प्रश्न पडतोच.

प्रवासात कोमो सरस: थेट रेल्वे, तासाभरात तळ्याकाठी. ओर्तासाठी नोव्हाराला गाडी बदला, शिवाय स्टेशनपासून गावापर्यंत पायपीट.

चर्च म्हणाल तर कोमोचं कॅथेड्रल भव्यच. बांधकाम १३९६ पासूनचं. पण माझं मन रमतं ते ओर्ताच्या सान जुलिओ बेटावर. तिथल्या बॅसिलिकातलं १२व्या शतकातलं प्रवचनपीठ अगदी जवळ जाऊन बघा. काळपट-हिरव्या दगडात झुंजणारे पशू कोरलेत. बेटावर बेनेडिक्टाइन नन्सचा मठ आहे, गल्लीत शांतता असते. समोरच्या टेकडीवर संत फ्रान्सिसच्या जीवनावरची २० चॅपेल आहेत.

उन्हाळ्यात कोमोच्या बोटींना रांगा लागतात.

वेळ कमी, सोबत म्हातारी माणसं, तर कोमो. निवांतपणा हवा आणि चालायची तयारी असेल, तर ओर्ताच.