अकरा महिने, एकोणीस हजार किलोमीटर आणि एक फाळका

गेल्या महिन्यात आमच्या पिकअपच्या फाळक्याची, म्हणजे मागं खाली उघडणाऱ्या झडपेची, डावी वायर तुटली. त्या वायरीपायी सर्व्हिस सेंटरला तीन चकरा झाल्या, म्हणून हे सविस्तर लिहायला बसलोय.

डबल केबिन, डिझेल, चार बाय चार, लांबी सव्वापाच मीटरच्या वर. इंजिन, एअरबॅग, स्क्रीन हे सगळं तुम्ही आधीच बघितलं असणार. आमचा वापर सांगतो. सांगलीत घर, तासगाव तालुक्यात अडीच एकर द्राक्षबाग, घरात आई-आप्पा, आम्ही दोघं आणि दोन पोरं. आधी एक छोटी कार होती आणि मालाला दरवेळी भाड्याचा छोटा हत्ती. दसऱ्याला दोन्हींच्या जागी ही एकच गाडी घेतली.

पहिले चार महिने मी भेटेल त्याला 'घेऊ नका' म्हणून सांगत होतो. गाडी रिकामी असली की मागची बाजू प्रत्येक खड्ड्यात उडायची. पेठ नाक्याहून सांगलीला येईपर्यंत मागं बसलेल्या आईची कंबर धरायची. एवढे पैसे घालून आईला पाठीला उशी लावून बसवावं लागतं, याचा मला खरोखर राग यायचा.

फेब्रुवारीत बेदाणा निघाला. शेडवरून पंधरा किलोचे बावीस बॉक्स भरले, म्हणजे ३३० किलो, आणि कोल्ड स्टोरेजला निघालो. गाडी अशी बसली की तोच रस्ता मला ओळखू येईना. मागं पाटे (पोलादी पट्ट्यांच्या स्प्रिंगा) आहेत आणि ते वजनासाठीच बनवलेत. वजन पडल्याशिवाय ते वाकत नाहीत. दुसरी गोष्ट कळली ती दारावरच्या स्टिकरवर. रिकाम्या गाडीची हवा वेगळी आणि भरलेल्या गाडीची वेगळी, असं त्यावर स्वच्छ लिहिलंय. पंपावरचा पोरगा दरवेळी भरलेल्या मापाची हवा मारत होता आणि मी बघत नव्हतो. आता रिकामी असताना हवा कमी ठेवतो, मागच्या उघड्या हौद्यात पुढच्या बाजूला वाळूची दोन पोती टाकतो. कारसारखी मऊ ती कधीच होणार नाही, पण आईनं उशी घेणं सोडलंय. त्यामुळं 'घेऊ नका' हे माझं म्हणणं मी मागं घेतो.

आता फाळका. माझ्या मते अख्ख्या गाडीत सगळ्यात जास्त वापरात येणारी वस्तू हीच. उघडला की आडवा राहतो, दोन्ही बाजूंच्या दोन वायरींवर. बागेत त्याचं टेबल होतं: वजनकाटा त्यावर, औषधाचं माप त्यावर, दुपारचे डबे त्यावर. जुलैत कृष्णा नदी चढायला लागली तेव्हा सांगलीच्या गावभागातल्या बहिणीचं सामान हलवलं. २०१९ ला पाणी ५७ फुटांवर गेलं होतं आणि तिचा फ्रीज, गाद्या, पोरांची पुस्तकं सगळं गेलं. त्यामुळं आता आयर्विन पुलाला ४० फुटांची इशारा पातळी लागायची वाट आम्ही बघत नाही. हौदा पाच फुटांचा, गादी सहा फुटांची. फाळका उघडा ठेवला, गादीचं टोक त्यावर टेकवलं, फ्रीज केबिनला टेकून उभाच बांधला, मागं लाल फडकं लावलं आणि सावकाश दोन खेपांत घर रिकामं केलं. (गाडी उंच आहे म्हणून पुराच्या पाण्यात घालू नका. पाणी यायच्या आधी पळायला ती आहे.)

आणि आप्पा. वय अठ्ठ्याहत्तर. त्यांना फाळक्यावर चढता येत नाही म्हणून मी खाली क्रेट पालथं घालतो. ते एक पाय क्रेटवर ठेवतात, हातानं हौद्याची कड धरतात आणि वळून बसतात. मग चहाचा कप मांडीवर धरून तासभर ओळींकडं बघत राहतात. बैलगाडीतून हळद घेऊन सांगलीला यायचे, तेव्हा असंच मागं पाय सोडून बसायचे म्हणतात. मला या गाडीत जे मिळालं त्यातलं हे सगळ्यात मोठं.

फोर्डनं १९२५ साली मॉडेल टीला कारखान्यातच हौदा लावून पिकअप विकायला काढली, २८१ डॉलरला. त्यातही मागं हलवता येणारा फाळका आणि जड कामाचे पाटे होते. शंभर वर्षांत बाकी सगळं बदललं, या दोन गोष्टी तशाच आहेत.

तर वायर. ती मधे तुटली नाही, टोकाला जिथं कडी दाबून बसवलेली असते तिथून सुटली. सर्व्हिस सेंटरवाले पहिल्या दिवशी म्हणाले, माल मागवावा लागेल. दुसऱ्या खेपेला म्हणाले, जास्त वजन टाकलंय, वॉरंटीत बसत नाही. तिसऱ्या खेपेला म्हणाले, तोवर फाळका न उघडता वापरा. फाळका न उघडता मी काय वापरू? आणि जास्त वजन म्हणाल तर वायर सुटली त्या दिवशी फाळक्यावर आप्पा होते आणि दोन पोरं.

शेवटी मिरजेत एका मिस्त्रींकडं गेलो. त्यांनी तुटकी वायर बाजूलाच ठेवली आणि उजवीकडची चांगली वायर काढून तिच्यावरून माप घेतलं. म्हणाले, "दोन्ही नव्याच करूया दादा, एक जुनी एक नवी ठेवली की जुनी ताणलेली असते, फाळका एका अंगाला कलतो आणि लॉक लागत नाही." पोलादी दोरी कापली, टोकं वळवून कड्या दाबल्या, दोन्ही वायरी एका खिळ्याला अडकवून शेजारी शेजारी लोंबत्या धरल्या. एक दोरा जाड फरक दिसला, ती कडी परत काढून दाबली. दोन्हींचे मिळून साडेचारशे रुपये.

राहिलेलं थोडक्यात. डिझेल लिटरला अकरा-बारा किलोमीटर, त्यापेक्षा जास्त नाही. सांगलीच्या गणपती पेठेत नेऊ नका, वळत नाही आणि लावायला जागा नाही. काळ्या रानात पावसानंतर फोर लो (चारी चाकं ओढणारा हळू पण ताकदीचा गिअर) टाकली की निघते, आजवर ट्रॅक्टर बोलवावा लागलेला नाही. डबल केबिनचा कागदावरचा भार बोलेरो पिकअपच्या पासंगालाही पुरत नाही, त्यामुळं भाडी मारायची असतील तर पिवळ्या पाटीची साधी पिकअप घ्या.

काल सर्व्हिस सेंटरचा फोन आला, वायर आली म्हणून. घेतली नाही. मिस्त्रींकडून आणखी एक जोड करून घेतलाय, मागच्या सीटखाली ठेवलाय.