मनगटासाठी ईएमजी-ट्रिगर्ड स्टिम्युलेटर: आठ महिने वापरल्यानंतर

लकव्यानंतर मनगट लटकतं आणि बोटं मुठीत वळून बसतात. अशा हातासाठीचं दोन चॅनलचं ईएमजी-ट्रिगर्ड स्टिम्युलेटर आमच्या फिजिओथेरपी विभागात आठ महिने रोज चालू आहे. पेशंट मनगट उचलायचा प्रयत्न करतो, पॅड त्या स्नायूतली वीज मायक्रोव्होल्टमध्ये मोजतात (हेच ईएमजी), आकडा ठरलेल्या पातळीला पोचला की त्याच पॅडमधून करंट सुटतो आणि मनगट पूर्ण वर येतं. पुढच्या खेपेची पातळी मशीन स्वतः ठरवतं, हा ऑटो मोड. जमलं तर थोडी वर, हुकलं तर खाली.

मत आधीच सांगून टाकतो: मशीन कामाचं आहे, पण ऑटो मोडवर सोडून चहाला जाण्यासारखं नाही. त्याला मनगट दिसत नाही, आकडा दिसतो.

कल्पना तशी जुनी. १९६१ साली डॉक्टर लिबरसन आणि सहकाऱ्यांनी पाऊल लटकणाऱ्या पेशंटच्या टाचेखाली स्विच बसवून, टाच उचलली की पायाच्या नसेला करंट द्यायची व्यवस्था केली होती. तो स्विच टाच वर की खाली एवढंच सांगायचा, त्यामुळे त्याला फसवणं अवघड होतं. स्नायूचा आवाज ऐकणारं मशीन जास्त हुशार, म्हणून जास्त फसतंही.

ते फसतं कसं, ते बघा. स्क्रीनवर पातळी २५, पेशंटचा आकडा ८-९ वर अडलेला. तो जोर लावतो, दात आवळले जातात, खांदा कानाकडे जातो, कोपर दुमडतं, मूठ घट्ट होते. आकडा सरकत २७ वर जातो, टिंग वाजतं, करंट येतो, मनगट वर जातं. मशीनच्या लेखी प्रयत्न यशस्वी, पुढची पातळी २८. प्रत्यक्षात मनगट उचलणारा स्नायू जेमतेम हलला. पॅडने ऐकला तो शेजारच्या, मूठ आवळणाऱ्या स्नायूंचा गलका. पुढच्या हातात (कोपर ते मनगट) हे स्नायू इतके दाटीने असतात की वरून चिकटवलेल्या पॅडला त्यांचे आवाज वेगळे करता येत नाहीत. असे पन्नास प्रयत्न झाले की पेशंट मूठ आवळण्यातच तरबेज होतो, जे आपल्याला नेमकं नको असतं.

यावर उपाय साधा आहे. एक हात पेशंटच्या खांद्यावर हलका ठेवा आणि नजर बोटांवर. मूठ वळली की तो प्रयत्न बाद. ऑटो बंद करा आणि पातळी हाताने खाली घ्या, इतकी की मूठ न आवळता ती गाठता येईल. आमच्याकडे बरेच पेशंट १० ते १२ मायक्रोव्होल्टवर सुरू होतात. सूचनेचे शब्दही महत्त्वाचे. ‘जोर लावा’ म्हटलं की खांदा उचललाच. त्याऐवजी ‘काका, दार ढकलताना तळवा पुढे करता ना, तसं हळूच करा’ म्हटलं की बहुतेकांना जमतं. स्क्रीन पेशंटकडे फिरवायची की नाही, यावर आमच्यात दोन मतं आहेत. माझ्या मते पहिला आठवडा फिरवू नये, माणूस आकड्याच्या मागे लागतो.

उलट बाजूही आहे. पेशंट दमला की ऑटो मोड गुपचूप पातळी उतरवत जातो. शेवटच्या पाच मिनिटांत पातळी ६ वर आलेली असते आणि विश्रांतीचा, म्हणजे हात सैल असतानाचा, आकडाच ५ असतो. मग नुसत्या श्वासावर, खोकल्यावर करंट सुटतो. पातळीला खालची मर्यादा घालता येत असेल तर ती विश्रांतीच्या आकड्याच्या किमान दुप्पट ठेवा. खरेदीच्या वेळी ही सोय आहे का, ते आधी विचारा. हे मशीन घेताना आम्ही विचारलं नव्हतं.

पॅड लावण्यात निम्मं यश आहे. आपल्याकडे लकव्याच्या हाताला रोज तेल चोळतात, नारायण तेल नाहीतर तिळाचं. तेलाच्या थरावर पॅड धरत नाही, सिग्नल घटतो, गोंगाट वाढतो. हात साबणाने धुवा, पुसा, स्पिरिट फिरवून मिनिटभर सुकू द्या. केस दाट असतील तर कात्रीने बारीक करा. वस्तऱ्याने खरडलेल्या कातडीवर करंट झोंबतो. मालीश करायचंच असेल तर सेशननंतर.

पहिला पॅड कोपराच्या बाहेरच्या हाडापासून तीन बोटं खाली, दुसरा त्याच रेषेत मनगटाच्या दिशेने. दोन्हींच्या कडांत दोन-अडीच सेंटिमीटर अंतर. तिसरा, संदर्भाचा (ज्याच्या तुलनेत बाकी दोघांचा सिग्नल मोजला जातो), कोपराच्या हाडावर. मग ईएमजी बाजूला ठेवून आधी नुसता करंट देऊन पाहा. मनगट करंगळीच्या बाजूला झुकत वर येत असेल तर पॅड बोटभर अंगठ्याच्या बाजूला सरकवा. बोटंच उघडतात आणि मनगट तसंच राहतं, तर पॅड फार खाली लागलेत, कोपराकडे घ्या. मनगट सरळ वर आलं की कातडीवर पॅडच्या कडा पेनने आखा आणि घरच्यांच्या मोबाइलवर फोटो काढून ठेवा. पॅड सेंटिमीटरभर हलला तरी आकडा बदलतो, म्हणून कालच्या ३० ची आजच्या २२ शी तुलना करू नका. जाड हातावर तर चरबीच्या थरामुळे आकडे मुळातच लहान येतात.

आमच्या सेटिंग्ज: ३५ हर्ट्झ, पल्स २५० ते ३०० मायक्रोसेकंद, चढ-उतार एकेक सेकंद, पूर्ण करंट ६ सेकंद, विश्रांती १२ सेकंद. प्रयत्नाचा वेळ धरून एक फेरी पंचवीसेक सेकंदांची, म्हणजे वीस मिनिटांत पन्नासच्या आसपास प्रयत्न. करंट बहुतेकांना १२ ते २० मिलिअँपिअर पुरतो. कंपनीने आधीच घालून दिलेल्या प्रोग्रॅममध्ये ५० हर्ट्झ आणि ८ सेकंद विश्रांती होती. त्यात दहाव्या मिनिटालाच मनगट अर्धवट उठायला लागायचं. एरवी स्नायूतले तंतू आळीपाळीने काम करतात, करंटने सगळे एकदम आकुंचन पावतात, म्हणून लवकर थकतात. हर्ट्झ फार खाली, १५-२० च्या आसपास नेले तर हात थरथरतो. हात कडक असणाऱ्यांना १२ सेकंदही अपुरे पडतात. विश्रांतीचा आकडा ५ च्या आसपास उतरेपर्यंत थांबा, लागले तर २० सेकंद.

हाताची मांडणी: कोपर काटकोनात, पुढचा हात टेबलावर, तळवा खाली, मनगट गुंडाळलेल्या टॉवेलच्या कडेवरून मोकळं. दुसऱ्या आठवड्यापासून समोर स्टीलचा पेला ठेवतो. करंटने बोटं उघडली की पेल्याभोवती न्यायची, करंट थांबला की धरायचा. नुसतं मनगट वर-खाली करण्यापेक्षा यात पेशंटचं लक्ष टिकतं.

हात सैल पडलेला असूनही आकडा ३०-४० वर अडकून राहिला, तर तो स्नायूचा नाहीच, घरातल्या विजेच्या ५० हर्ट्झचा आहे. चार्जर लावून मशीन वापरू नका, पेशंटला एक्स्टेन्शन बोर्डापासून दूर बसवा, लीड्स (पॅडच्या वायरी) एकत्र पिळून ठेवा, संदर्भाचा पॅड दाबून पाहा. आमच्याकडे दहातल्या आठ वेळा दोष त्या सुकलेल्या तिसऱ्या पॅडचाच निघाला.

सुकलेला पॅड सिग्नल बिघडवतोच, शिवाय चटका देतो. कडा उचलल्या गेल्या की सगळा करंट उरलेल्या चिकट भागातून जातो. अशा वेळी करंट वाढवणं म्हणजे भाजण्याला आमंत्रण. जेलवर पाण्याचा एक थेंब बोटाने पसरवा. तरी धरत नसेल तर पॅड फेका. पंधरा-वीस वापर झाले की आम्ही बदलतोच, आणि हाच चालू खर्च आहे. एकाचे पॅड दुसऱ्याला लावू नका. काढल्यावरची लाली अर्ध्या तासात जाते. टिकली किंवा पुरळ आलं तर जेल बदला.

फायदा कोणाला? मनगटात थोडीशी का होईना हालचाल उमटते त्यांना. काहीच उमटत नसेल तर ठरावीक वेळाने करंट देणारा साधा मोड वापरा, नाहीतर पेशंट अपयशच मोजत बसतो. मनगट स्वतःहून चांगलं उठत असेल तर मशीन ठेवून द्या आणि कामं करून घ्या. महागडं सेन्सरवालं मशीन साध्यापेक्षा हमखास सरस, असं विक्रेते सांगतात, त्यावर भुलू नका. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतल्या चाचणीत लकव्यानंतर सहा महिन्यांच्या आतले १२२ पेशंट होते. आठ आठवडे कोणाला ईएमजी-ट्रिगर्ड, कोणाला साधा, कोणाला नुसता जाणवण्यापुरता करंट दिला. सुधारणा तिन्ही गटांत झाली, गटागटांत लक्षणीय फरक दिसला नाही. आम्हाला ईएमजी-ट्रिगर्ड मशीनचा उपयोग वाटतो तो एवढाच की पेशंट झोपाळून बसत नाही, प्रत्येक खेपेला त्याला काहीतरी करावं लागतं.

पेसमेकर, गर्भारपण, पॅडच्या जागी जखम, त्या भागात कर्करोग किंवा शिरेत गुठळी असेल तर मशीन लावू नका. फिट्सचा इतिहास असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको. हाताला स्पर्श कळत नसेल तर करंट पेशंटला विचारून ठरवू नका, त्याला चटकाही कळणार नाही; हालचाल पाहून ठरवा.

ब्लूटूथचं ॲप आलेख छान काढतं. चौथ्या महिन्यापासून ते कोणी उघडलेलं नाही.

बिघाड म्हणाल तर लीड्स. पिनजवळ, जिथे वायर वळते, तिथे ती आतून तुटते. वायर हलवली की आकडा उसळतो, करंट मधेच बंद पडतो. दोन्ही चॅनलच्या लीड्स अदलाबदल करा: दोष वायरबरोबर गेला तर वायर, जागीच राहिला तर मशीन. आमच्या तीन लीड्स गेल्या. वॉरंटी मशीनला होती, लीड्सना नव्हती, आणि नवीन यायला अडीच आठवडे लागले. मशीनबरोबरच एक जादा संच मागवून ठेवा.