सेमी-हॉलो गिटार : भावगीतापासून ब्लूजपर्यंत

गिब्सन या अमेरिकी कंपनीने १९५८ साली ईएस-३३५ ही सेमी-हॉलो, म्हणजे अर्धपोकळ, गिटार बाजारात आणली, तेव्हा पोकळ गिटारीचा उबदार नाद राखून फीडबॅकची (स्पीकरचा आवाज परत गिटारीत शिरून होणारी) शिट्टी आवरण्यासाठी तिच्या पोटात मॅपलचा भरीव ठोकळा बसवला होता; त्याच घडणीची, खिशाला परवडणारी एक गिटार मी सध्या बेळगावातील वाद्यवृंदात वाजवतो.

मानेकडचा पिकअप (तारांची कंपने विद्युतसंकेतात बदलणारा भाग) निवडून टोन थोडा उतरवला, की भावगीतामागचे कॉर्ड गायकाच्या आवाजावर चढत नाहीत, आणि ब्रिजकडच्या (तारांच्या खालच्या टोकाकडच्या) पिकअपला किंचित ओव्हरड्राइव्ह (आवाज मुद्दाम फाटवणारा परिणाम) दिला, तर तीच गिटार ब्लूजचा खरखरीत सूर काढते. दोन्ही पिकअप एकत्र ठेवल्यावर मिळणारा मोकळा, काहीसा लाकडी आवाज मला सर्वांत भावला. ऱ्हिदमसाठी याहून अधिक काही नको. हेवी मेटलची अपेक्षा मात्र ठेवू नये, कारण गेन (ॲम्पमध्ये संकेत वाढवण्याचे प्रमाण) फार वाढवला की सूर गढूळ होतो आणि टिळकवाडीतल्या एखाद्या लहान सभागृहात मॉनिटर स्पीकरसमोर उभे राहिल्यास, ठोकळा असूनही, ती घुमू लागते.

ॲम्प न लावताही पोटावरच्या ‘f’ आकाराच्या छेदांतून सरावापुरता आवाज मिळतो, ही भाड्याच्या घरात मोठीच सोय. वजन जाणवते, पट्टा रुंद घ्यावा.

खटकणारी बाब एकच : मींडेसाठी तार खेचल्यावर तिसरी तार उतरत असे. नटच्या (मानेच्या वरच्या टोकाशी तारा टेकतात त्या पट्टीच्या) खाचेत पेन्सिलीचे शिसे घासल्यावर ती बरीच स्थिरावली, तरी आपल्याकडच्या पावसाळी दमटपणात ट्रस रॉड (मानेचा बाक सांभाळणारी आतली सळई) जाणकाराकडून तपासून घ्यावा.