२४ एमएमची जुनी मॅन्युअल लेन्स आणि हायपरफोकल: पावसाळा ते हिवाळा वापरून झाल्यावर

जूनपासून फुजीच्या एक्स-टी३० वर निकॉनची जुनी २४ एमएम एफ/२.८ एआय-एस लावून फिरतोय, आणि बहुतेक सगळं हायपरफोकलवरच काढतोय. आधी निकाल सांगून टाकतो. पावसात, धुक्यात आणि गर्दीत या पद्धतीला तोड नाही, पण लांबच्या डोंगररांगांचा मोठा प्रिंट काढायचा असेल तर हायपरफोकलच्या चार्टमधला आकडा जसाच्या तसा घेऊ नका. आता सविस्तर.

ज्यांना हे नवीन आहे त्यांच्यासाठी थोडक्यात. एका ठरावीक अंतरावर फोकस ठेवला की त्या अंतराच्या निम्म्यापासून थेट क्षितिजापर्यंत सगळं चालेल इतपत शार्प येतं, ते अंतर म्हणजे हायपरफोकल. हिशोब सोपा आहे, फोकल लेंथचा (लेन्सवरचा एमएमचा आकडा) वर्ग करायचा आणि त्याला अपर्चरचा आकडा (एफ/८ मधला ८, आकडा मोठा तितकं लेन्सचं भोक लहान) गुणिले सर्कल ऑफ कन्फ्यूजन, म्हणजे सेन्सरवर जेवढा धूसर ठिपका डोळ्याला अजून शार्प वाटतो त्याचं माप, याने भागायचं. फुल फ्रेमला (३५ मिमी फिल्मएवढा सेन्सर) ०.०३ मिमी धरतात, माझ्यासारख्या क्रॉप सेन्सरला (त्याहून लहान) ०.०२. म्हणजे २४ एमएम, एफ/८ ला ५७६ भागिले ०.१६, आले ३६०० मिमी. ३.६ मीटरवर फोकस ठेवा, १.८ मीटरपासून पुढे सगळं आत. फोटोपिल्ससारख्या अ‍ॅपमध्ये तयार टेबल मिळतं, पण हे दोन-चार आकडे पाठ करून ठेवाच, गडावर ओल्या हातांनी मोबाइल कोण काढत बसणार.

या लेन्सवर अंतराचे आकडे आहेत आणि त्याच्या शेजारी अपर्चरच्या रंगांच्या जोड-रेघा आहेत, हल्लीच्या बऱ्याच लेन्सवर हे काहीच नसतं. इन्फिनिटीची खूण आपल्या अपर्चरच्या एका बाजूच्या रेघेवर आणली की झालं, दुसऱ्या बाजूच्या रेघेसमोर जवळची हद्द वाचता येते. फक्त या रेघा ३५ मिमी फिल्मसाठी आखलेल्या आहेत, क्रॉप बॉडीवर एक स्टॉप (अपर्चरची एक पायरी) कडक धरायला लागतो, म्हणजे अपर्चर एफ/८ पण रेघ एफ/५.६ ची. यात फोकस साधारण ३.४ मीटरवर येतो, जवळची हद्द १.७ च्या आसपास.

आता अडॅप्टर, म्हणजे निकॉनची लेन्स फुजीवर बसवणारा मधला जोड, आणि यावर जरा जास्त लिहितोय कारण हे कुठे नीट सांगितलेलं मला सापडलं नाही. स्वस्तातले अडॅप्टर मुद्दाम केसभर आखूड बनवतात, म्हणजे लेन्स इन्फिनिटीला पोचणार नाही अशी तक्रार येत नाही, ती इन्फिनिटीच्याही थोडी पलीकडे जाते. नुसता डोळ्याने फोकस करणाऱ्याला काहीच फरक पडत नाही, पण आपण फोकस रिंगवरच्या आकड्यावर विश्वास टाकून काढतोय ना, त्याचं सगळं गणित विस्कटतं. २४ एमएमची लेन्स इन्फिनिटीवरून ३.४ मीटरवर आणायला काच जेमतेम ०.१७ मिमी पुढे सरकते. अडॅप्टर ०.१ मिमी आखूड असला तर रिंग ३.४ मीटर सांगते आणि खरा फोकस असतो ८ मीटरच्या आसपास! माझाही असाच निघाला. रात्री लांबच्या मोबाइल टॉवरच्या लाल दिव्यावर मॅग्निफाय करून बघितलं तर दिवा सगळ्यात बारीक दिसतो तो खुणेच्या थोडा अलीकडेच. मग तिथे बॅरलवर पांढऱ्या नेलपॉलिशचा टिपका दिला, आता इन्फिनिटी म्हणजे तो टिपका, आणि रेघा त्याच्याच हिशोबाने जुळवतो. अडॅप्टर घेतल्या घेतल्या ही तपासणी कराच, पाच मिनिटांचं काम आहे.

खरी मजा आली जुलैत राजगडावर. संजीवनी माचीवर ढग असा आत शिरतो की समोर नुसतं पांढरं, त्यात मधेच तटाची एखादी कड उघडी पडते आणि दहा सेकंदांत परत गायब, कॉन्ट्रास्टच नाही तर ऑटोफोकस बिचारा पकडणार कशाला, तो पुढेमागे शोधत राहतो आणि तोवर कड गेलेली असते. इथे रिंग आधीच लावून इलेक्ट्रिकल टेपने चिकटवलेली, अपर्चर एफ/८, ऑटो आयएसओ, बस कॅमेरा उचला आणि दाबा. त्या पावसाळ्यातले माझे सगळ्यात आवडते फोटो असेच आलेत. टेप मात्र लावाच, रेनकोटच्या बाहीला घासून रिंग कधी सरकते कळतसुद्धा नाही.

वारीतही तेच, पण सेटिंग वेगळं. दिवे घाटात माणसं अंगावर येतात इतकी जवळ असतात, तिथे क्षितिजापर्यंतचं शार्प घेऊन करायचंय काय. फोकस २ मीटरवर आणायचा, एफ/८ ला १.३ ते ४.५ मीटर आत येतं, म्हणजे समोरची तुळशीवाली मावशी, तिच्या मागचा टाळकरी आणि त्याच्या मागची पताका. मागचा डोंगर थोडा मऊ पडतो आणि तो पडलेलाच बरा दिसतो. शिवाय कॅमेरा फोकससाठी थांबत नाही, त्यामुळे माणूस कॅमेऱ्याकडे बघायच्या आत फोटो झालेला असतो, चेहरे मोकळे मिळतात.

आता जिथे ही पद्धत कमी पडते ते. घरी येऊन २६ मेगापिक्सेलची फाइल १०० टक्के झूम केली की कोकणकड्यावरून दिसणाऱ्या मागच्या रांगा थोड्या भुरकट वाटतात. यात लेन्सचा दोष नाही. ते ०.०२ मिमी ठरलंय साधारण आठ बाय दहा इंची प्रिंट हातात धरून बघायच्या हिशोबाने, आणि या सेन्सरवर ०.०२ मिमी म्हणजे पाचेक पिक्सेल. हायपरफोकलवर इन्फिनिटी बरोब्बर त्या हद्दीवर उभी असते, नापास नाही पण जेमतेम काठावर पास. फुजीच्या स्वतःच्या लेन्स लावल्या की मेनूत डेप्थ स्केलचे दोन पर्याय मिळतात, फिल्म फॉरमॅट बेसिस आणि पिक्सेल बेसिस, दोन्ही आलटून पालटून बघा, पिक्सेलवालं केवढं अरुंद दाखवतं ते लगेच समजेल.

म्हणून लँडस्केपला मी अपर्चर एफ/११ ठेवतो आणि रेघ एफ/५.६ चीच. जवळची हद्द तीच १.७ मीटर राहते पण लांबचे डोंगर स्पष्ट सुधारतात. याच्या पुढे एफ/१६ ला जाऊ नका, डिफ्रॅक्शनचा (लहान भोकातून जाताना प्रकाश पसरतो त्याचा) ठिपकाच २१ मायक्रॉनच्या, म्हणजे ०.०२१ मिमीच्या घरात जातो, म्हणजे जेवढा धूसरपणा आपण टाळतोय तेवढा सगळ्या फ्रेमवर सरसकट पसरतो. आणि फोटोचा खरा विषय लांबचा सुळकाच असेल तर सरळ इन्फिनिटीवर फोकस करा. तेव्हा जवळच्या वस्तूतला बारकावा अपर्चरच्या भोकाएवढ्या मापापर्यंत टिकतो, २४ भागिले ८ म्हणजे ३ मिमी. कातळ, दगड, तटाचे चिरे आरामात दिसतात, गवताची पाती जातात. हा हिशोब मला हायपरफोकलच्या टेबलाइतकाच कामाचा वाटतो आणि तो फार कमी लोक वापरतात.

कासला सप्टेंबरात २४ एमएम पुरत नाही. सोनकी ६० सेंटिमीटरवर आणि मागे डोंगर, दोन्ही एका फ्रेममध्ये हवं तर एफ/२२ च्याही पुढे जावं लागेल, शक्यच नाही. फोकल लेंथचा वर्ग होतो ना, त्यामुळे अपर्चर मिटण्यापेक्षा लेन्स रुंद (कमी एमएमची) घेणं कितीतरी जास्त उपयोगी. १४ एमएमला एफ/८ वरच हद्द ६२ सेंटिमीटरवर येते. वेगवेगळ्या फोकसचे दोन-तीन फोटो जोडायचा मार्ग आहे, पण पठारावर वारा असा असतो की फूल एका जागी थांबत नाही, जोडताना नुसती भुतं दिसतात.

ताऱ्यांसाठी तर अजिबात नको. एफ/२.८ ला हायपरफोकल १० मीटरच्या वर जातं आणि त्यावर ठेवलेले तारे फुगीर येतात, तिथे एखादा ठळक तारा मॅग्निफाय करून त्यावरच फोकस. ५० एमएमलाही मी हा खटाटोप करत नाही, एफ/८ ला साडेपंधरा मीटर येतं आणि एवढं अंतर नजरेने ठरवणं अवघड, त्यापेक्षा ऑटोफोकसची लेन्स लावून विषयावर फोकस केलेला चांगला. २४ आणि त्याहून रुंद लेन्स असेल, अंतराच्या खुणा असतील, तर मात्र बिनधास्त घ्या. सेकंडहँड घेताना रिंग सैल नाही ना ते हाताने फिरवून बघा, आणि आतल्या काचेवर बुरशी नाही ना ते टॉर्च मारून. आपल्याकडच्या पावसाळ्यात बुरशी वाढायला वेळ लागत नाही, घरी आल्यावर एअरटाइट डब्यात सिलिका जेल घालूनच ठेवा.